लालसाहेबाचा उपास

गोंदियाहून कलकत्त्याच्या गाडीत बसलो, त्या दिवशी मला पोचवायला फलाटावर एकटी आई आली होती. आपल्याकडच्या, साताऱ्याच्या नव्हे, प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावाहून अर्जुनीपर्यंत पायी आणि तिथून छोट्या लाइनीनं गोंदियाला, एवढी वाट तुडवून म्हातारी आली. मी पहाटे उठून पुऱ्या लाटल्या होत्या. त्यातल्या दोन पानावर ठेवून तिच्यापुढं केल्या, तर म्हणाली, ‘‘माहा आज उपास हाय.’’ वार बुधवार. ना चतुर्थी, ना एकादशी. आईचे सगळे उपास मला पाठ होते, बुधवारचा त्यात एकही नव्हता. गाडी हलली तशी ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘सोमा, खरं सांग रे. तुनं त्या साहेबाच्या जेवणात काही टाकलं होतं का?’’

‘‘नाही वं माय,’’ मी म्हणालो. ते अगदी खरं होतं. पुऱ्या दुर्ग येईपर्यंत तशाच मांडीवर होत्या, मग शेजारच्या बैराग्याला देऊन टाकल्या.

धनराज, तू माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणून तुलाच लिहितो. तुझं पत्र परवा इथं खरगपूरला पोचलं. पंधरा ऑगस्टला शाळेपुढं झेंडा लागणार, आणि मी येऊन हार घालून घ्यावा, दोन शब्द बोलावेत, असं गावानं ठरवलं म्हणतोस. ‘आयर्लंडच्या लढ्यातल्या साहेबाचे साथीदार’ असं माझ्याबद्दल लिहिलंस, कुठून ऐकलंस देव जाणे. वाचून आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. पंचवीस-सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या हातचं पाणी प्यायला गाव कचरत होतं, त्याला एकदम हार! काऊन बाबा? तुला मेंबरकीला तर उभं राहायचं नाही ना? रागावू नकोस. माझा स्वभावच असा झालाय. दूधवाल्यानं मापाबाहेर दूध घातलं, तर मी आधी त्यात पाणी शोधतो.

तर ऐक. गावाला सांगितलं गेलं ते खोटं होतं, आणि जे खरं ते कोणालाच सांगितलेलं नाही.

मी घर सोडलं तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. धानाची बांदी, एवढंसं शेत, दोन भावांना पुरेना, म्हणून मी गोंदियाला रेल्वेच्या बंगल्यावर बबर्ची झालो. तुझे आजोबा एवढंच म्हणाले, ‘‘साहेबाच्या चुलीवर काय शिजते, ते घरी येऊन सांगू नोको.’’ ते मी पाळलं. पोलिसाला मात्र सगळं सांगितलं, तेच आता लिहितोय.

माझा साहेब रुळांची देखरेख करायचा. दिवसभर ट्रॉलीवर, केस लाल, उन्हानं तोंड त्याहून लाल. म्हणून सगळे त्याला लालसाहेब म्हणत. पहिल्याच दिवशी मी त्याला ‘इंग्रजसाहेब’ म्हटलं, तर त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की बशा नाचल्या. ‘‘हम अंग्रेज नहीं! आयरिश!’’ मी हे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या दशरथ मुकादमाला सांगितलं. तो विडी विझवून विचारात पडला. ‘‘म्हंजे साहेबायतबी जाती रायतेत का?’’ राहत असाव्यात, असं आम्ही ठरवलं. आणि ही त्यातली खालची असावी, कारण रेल्वेच्या क्लबात बाकीचे साहेब त्याच्या टेबलाशी बसत नसत. त्या दिवसापासून गँगची माणसं त्याला जरा आपल्यातला समजू लागली.

मी मात्र तसं समजलो नाही. त्याच्या मुलखातून पेपर आणि पत्रं यायची, ती वाचून तो एकटाच शिव्या घालायचा आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा, ‘‘हमारा मुल्क और तुम्हारा मुल्क एक जैसा. तुम लोग चुप क्यों बैठा है?’’ आता मला सांग, गोऱ्यानं गोऱ्याच्या राजाला शिव्या घालाव्यात, त्याही बबर्चीला ऐकू जातील अशा, यावर कोणता शहाणा विश्वास ठेवील? सापळा आहे, असंच मला वाटे. मी ‘जी हुजूर’ म्हणून कांदा चिरत राही. पुढं ड्रायव्हर लोकांनी खबर आणली की तिकडं पंजाबात याच्याच जातीच्या गोऱ्या शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. लगेच आमच्या बंगल्यासमोरच्या पानठेल्यावर एक नवा माणूस दिवसभर बसू लागला. पान एकही खात नव्हता.

त्याच दिवसांत ताट परत येऊ लागलं.

पहिल्या दिवशी वाटलं, पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी सूप, कटलेट, पुडिंग सगळं जसंच्या तसं. साहेब नुसता काळा चहा पिऊन ट्रॉलीवर जाई. माळी माझ्याकडं बघून गालात हसला, आणि मी काय ते समजलो. साहेबाला माझा संशय आलाय! विषाच्या नुसत्या संशयावरून किती बबर्ची आत गेलेत, ते मी ऐकून होतो. रात्री डोळ्याला डोळा लागेना. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी त्याच्या टेबलाशी उभा राहिलो, त्याचाच चमचा उचलला आणि त्याच्या बशीतली अर्धी कोंबडी त्याच्यादेखत खाल्ली. म्हटलं, ‘‘हुजूर, बघा. मेलो तर मी मरेन.’’

तो आधी हसला. मग डोळे पुसत बोलू लागला. त्याच्या मोडक्या हिंदीतून मला कळलं ते असं, की तिकडं त्याच्या मुलखात एका शहराचा नगराध्यक्ष इंग्रजांच्या तुरुंगात अन्न सोडून बसला होता, दोन महिने होऊन गेले होते, आणि आता तो वाचणार नव्हता. ‘‘उधर हमारा आदमी भूखा मरता. इधर हम मुर्गी खाएगा?’’

म्हणजे उपास! खरं सांगतो धनराज, त्या मरणाऱ्या माणसाचं मला काहीएक वाटलं नाही. माझ्यावर संशय नाही, एवढंच मला ऐकू आलं. मी घरामागं जाऊन देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी साहेब चक्कर येऊन ट्रॉलीवरून पडला. डॉक्टर आला, त्याच्यामागून पोलीस आले. शिपाई माझे हळदीचे, मिठाचे डबे हुंगू लागले. ठाणेदारानं माझी मानगूट धरली. ‘‘खाने में क्या मिलाया, बोल!’’ मी हात जोडले. आणि बोललो. ‘‘जहर नाही हुजूर, उपास है! राजा के खिलाफ उपास है!’’

‘राजा के खिलाफ’ हे साहेब कधीच म्हणाला नव्हता. ते मी माझ्या पदरचं घातलं, म्हणजे ठाणेदाराचं माझ्यावरचं लक्ष उडावं. ते उडालंच. मग तो विचारत गेला आणि मी सांगत गेलो. पेपर कोणते, शिव्या कोणाला, पत्रं कुठं. पत्रं बिस्किटाच्या डब्यात होती. डबा मीच काढून दिला. कागदावर सहीही केली, शाळेत शिकलेली, वळणदार.

आठवड्याच्या आत लालसाहेबाला गोंदियातून हलवलं. कुठं नेलं, नोकरी राहिली की तुरुंगात टाकलं, मला आजतागायत ठाऊक नाही. जाताना त्यानं मला बोलावलं, हातात हात घेतला आणि एक चिठ्ठी दिली. स्टेशनातल्या तारबाबूनं ती वाचून दाखवली. ‘या माणसाच्या हातचं मी निर्धास्त खाल्लं आहे. कोणीही खावं.’

माझ्या सहीचं त्याला माहीत होतं की नव्हतं? हा प्रश्न मी किती वेळा स्वतःला विचारलाय, त्याला गणती नाही. माहीत नसेल, तर मी त्याला फसवून चिठ्ठी घेतली. माहीत असूनही लिहिलं असेल, तर त्याचा विचारही मला सोसवत नाही.

गोंदियात मात्र बोभाटा झाला की बबर्चीनं साहेबाला विष घातलं. दशरथ मुकादम रामराम घेईनासा झाला. ती खबर छोट्या लाइनीनं गावात पोचली, आणि आईनं बुधवारी उपास धरला. तिनं विचारलं ते मी केलं नव्हतं, म्हणून मी छाती पुढं काढून नाही म्हणालो. केलं होतं ते तिनं विचारलं नाही. आता विचारायला ती राहिली नाही.

त्या चिठ्ठीवर मला इथं काम मिळालं. आज माझी स्वतःची मेस आहे. बंगाली, तेलुगू, बिलासपुरी, सगळ्या मुलखाचे फिटर आणि फायरमन जेवतात, मला सोमादा म्हणतात. मीही आता भाजीला तरकारी म्हणतो, आणि आपल्याकडची लाखोरीची डाळ इथं कोणाला माहीत नाही म्हणून करत नाही. बरं चाललंय. पण एखाद्यानं ताटात चार घास तसेच उरवले की मी जाऊन विचारतो, ‘‘का हो, काय झालं?’’ लोक हसतात.

पूर्वी मला वाटे, ज्या गावात आपली चिठ्ठी कोणी मागत नाही, ते आपलं घर. तसं गाव मला मिळालं नाही, आणि दोष सगळा गावाचा नाही.

म्हणून हार राहू दे. झेंडा चढवण्याआधी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, ओळ गाळू नकोस. ऐकूनही गाव बोलावत असेल तर तार कर, मी येतो. त्या दिवशी स्वयंपाक मी करीन, भात आणि लाखोरीची डाळ, सगळ्या गावाला पुरेल एवढी. कोणाला आग्रह करणार नाही. एकजण जरी पोटभर जेवून उठला, तर मी घरी आलो असं समजेन.