माझ्या नावावरचं माळवद

घर माझ्या नावावर झालं ते काही मायेपोटी नाही. बाईच्या नावावर खरेदी केली तर सरकारी खर्चात सूट मिळते, असं दस्त लिहिणाऱ्यानं ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला विचारलं नाही. कचेरीत नेलं, खुर्चीवर बसवलं, फोटो काढला, यंत्रावर अंगठा ठेवायला लावला. मी चौथीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे कागदावरचं माझं नाव मला वाचता आलं. घर घेणार म्हणून माझं नाव होतं आणि ह्यांचं नाव फक्त नवरा म्हणून माझ्या नावाच्या पोटात. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा ह्यांनी कागद ओढून पिशवीत घातला.

त्याआधी बावीस वर्षं आम्ही जालन्याला एमआयडीसीजवळ भाड्याच्या एका खोलीत काढली. हे रोलिंग मिलमध्ये आहेत. यंत्रातून लाल सळई बाहेर येते ती चिमट्यानं धरून पुढच्या यंत्रात घालायची, असं काम. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. त्याच हातांनी ते मला मारायचे. प्यायलेले नसायचे. लोक आधी तेच विचारतात म्हणून लिहिते, हे कधीच पीत नाहीत. भाजी खारट झाली, मी उत्तर उशिरा दिलं, फोन घ्यायला वेळ लागला, काहीही पुरायचं. खोलीच्या भिंती पातळ आणि घरमालकीण तोंडाळ, म्हणून मारताना ते आवाज करायचे नाहीत आणि मीही करायचे नाही. मुलगी तोंड भिंतीकडं करून पडून राहायची. तिचं लग्न होऊन ती शहागडला गेली तेव्हा मला बरं वाटलं, की आता निदान कुणी ऐकायला नाही.

घर घ्यायचं ठरलं त्या दिवशी हे म्हणाले होते, "आपलं सोताचं झालं ना, मंग बघ. आवाज बी चढवणार न्हाई." मी ते खरं धरलं. मला वाटायचं, खोली एवढीशी, मिलमध्ये भट्टीची आग, घरी पत्र्याची आग, माणूस थंड होणार कुठं.

घर बदनापूरला. कित्येक वर्षं कुणी राहत नव्हतं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. म्हणजे लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्यांची आडवी लाकडं आणि फळ्या, आणि सगळ्यात वर दीड हात पांढरी माती. मधला खण, म्हणजे मधल्या खांबांवरचा भाग, खाली झुकला होता. भिंतीतून पिंपळ उगवला होता. वरचं सगळं उतरवायचं, दगडी भिंती छातीपर्यंत ठेवून त्यावर विटा रचायच्या आणि पत्रे टाकायचे, असं ठरलं. मी पदर खोचून पहिल्या दिवशी झाडायला घेतलं तर दोन विंचू निघाले. ह्यांनी ते चपलेनं ठेचले आणि नंतरही बराच वेळ ठेचत राहिले.

मिस्त्री म्हातारे होते. त्यांना मी चाचा म्हणायचे. त्यांच्या घरात उर्दू बोलतात, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलायचे. त्यांच्या आजानं गावातली अर्धी माळवदं घातलेली. ते म्हणायचे, "आजानं वर नेऊन टाकलेली माती मी खाली आणून राह्यलो. खानदानी काम हाय बाई आमचं." मी तोंडाला पदर लावून हसायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी ह्यांना बजावलं की माळवद वरून उतरवायचं असतं. आधी सगळी माती, मग फळ्या, मग कड्या, मग तुळई आणि शेवटी खांब. माती वर असेपर्यंत खांबाला हात लावायचा नाही. दीड हात मातीचं वजन खांबावर असतं.

तीन दिवस आम्ही माती उतरवली. चाचा वरून घमेलं सोडायचे, मी खाली घेऊन दाराबाहेर ओतायचे. हे मिलमधून सुटी काढून आले होते आणि भिंतीतला पिंपळ तोडत होते. त्या तीन दिवसांत त्यांनी मला एकदाही मारलं नाही. दुपारी आम्ही ओट्यावर बसून भाकरी खायचो. एकदा त्यांनी माझ्या केसांतली माती झटकली. मी ते कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं कुणी नव्हतंही.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले. तेवढ्यात मोठे दीर मोटारसायकलवर आले. त्यांनी सगळं फिरून पाहिलं, भिंतीवर थाप मारली आणि चाचाच्या खाटेवर बसून विचारलं, कागद कुणाच्या नावानं झाला. ह्यांनी सांगितलं. दीर हसले.

"म्हंजे घरजावई झालास की रे. अन् सासऱ्याचं घर बी न्हाई, डायरेक बायकोचंच. उद्या तिनं हाकललं तर कुठं जाशील, माझ्या गोठ्यात?"

ह्यांनीही हसून दाखवलं. दीर गेले. ह्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. मी रिकामी घमेली आणायला मधल्या खणात गेले. त्या खणावर अजून निम्मी माती होती.

घण खांबावर बसल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर हे त्याच खणाच्या खांबाला घणानं हाणत होते. खांब दगडाच्या उथळ्यावर, म्हणजे बैठकीवर, नुसता उभा असतो, गाडलेला नसतो. दुसऱ्या घावाला तो सरकला. मी म्हणाले, "अहो, मी आत हाय." माझा आवाज आधीच बारीक, त्यात तोंडाला पदर. त्यांनी मान वळवली असं मला वाटलं. वळवली का, मला पाहिलं का, हे मला आजही सांगता येत नाही. तिसरा घाव बसला.

आधी माती आली. पांढरी माती तोंडात, नाकात, डोळ्यांत. मग लाकूड मोडल्याचा आवाज आणि मग उजव्या हातावर काहीतरी पडलं. दुखलं नाही, नुसता हात माझा राहिला नाही. मी श्वास घ्यायला जायचे तर माती आत यायची. मला बाहेर काढलं ते ह्यांनीच. फावडं न घेता, हातांनी. मला शिव्या देत होते आणि उकरत होते. माझं तोंड मोकळं झालं तेव्हा त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. चाचा नमाजाहून आले, पडलेला खांब पाहिला, ह्यांच्याकडं पाहिलं आणि टोपी काढून खिशात ठेवली. 

दवाखान्यात हे म्हणाले की जुनी भिंत पडली. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कोपराखाली दोन्ही हाडं मोडली होती.

दीर दवाखान्यात भेटायला आले आणि पडद्याच्या पलीकडं ह्यांच्याशी बोलत उभे राहिले. मी मेले असते तर अर्धं घर जावयाच्या दारात गेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नवराबायकोत बक्षीसपत्र करता येतं, खर्च नावापुरता, एका सकाळचं काम आहे. ह्यांनी फक्त हं हं केलं.

आम्ही भाड्याची खोली सोडलेली होती, त्यामुळे घराच्या पुढच्या खणात ताडपत्री बांधून राहायला लागलो. दिवसा चाचा विटा रचायचे. ते गेले की हे कागदाचं काढायचे. पहिल्या दिवशी गोडीनं बोलले.  हे घर मला सोडवत नाही, हे कसं सांगावं ते कळत नव्हतं. उभ्या जन्मात माझ्या नावावर रेशनकार्डातली एक ओळ सोडून काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी केस धरून डोकं विटांच्या थप्पीवर आपटलं. पुढं रोजच. आता भिंती पातळ नव्हत्या, हाताएवढ्या जाड दगडाच्या होत्या, त्यामुळे ते मोठ्यानं ओरडायचे. आवाज न चढवण्याचं त्यांनी सांगितलं होतं ते मला तेव्हा आठवायचं. लाथ मारताना ते प्लास्टरचा हात मात्र वाचवायचे. मला वाटायचं, एवढं तरी आहे. मग एका संध्याकाळी त्यांनी तोच हात ओढून ओट्याच्या दगडावर ठेवला, गुडघ्याखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हातात हातोडा घेतला.

"करतीस का न्हाई कागद?"

मी हो म्हणाले. खरंच करणार होते. मी मनात काही योजना आखली नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. साक्षीला दीर आणि त्यांचा एक मित्र. तीच खुर्ची, तेच यंत्र. साहेब खाली मान घालून कागद उलटत होते. त्यांनी न बघताच विचारलं, "बाई, स्वखुशीनं देताय ना घर?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. माझ्या आधीच्या म्हातारीला विचारला होता आणि ती हो म्हणाली होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. ह्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मला त्यांच्या बोटांचा वास येत होता, सिमेंटचा आणि लोखंडाचा.

"न्हाई," मी म्हणाले.

साहेबांनी वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"मला द्यायचं न्हाई."

यंत्रावरचा माणूस थांबला. दीर म्हणाले की तिला कळलं नाही, अडाणी आहे. साहेबांनी माझ्या प्लास्टरकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं, कागद बंद केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पायऱ्यांवर ह्यांनी मला मारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर. पहिल्या थपडेला मी तीन पायऱ्या खाली गेले. पोटात लाथ बसली. मुद्रांकवाला आणि दोन पक्षकार मध्ये आले, त्यांनी ह्यांना धरलं. दीर मला म्हणाले की तू भावाला बाजारात उघडं पाडलंस. मला तोंड उचलून बोलता येत नव्हतं, ओठ फाटला होता. मी उठले आणि चालत निघाले. माहेरी कुणी उरलं नव्हतं आणि लेकीच्या दारात असं तोंड घेऊन जायचं नव्हतं. मी घरी आले. दुसरं कुठलं घर नव्हतं.

चाचा पुढची भिंत रचत होते. माझं तोंड पाहून त्यांनी थापी खाली ठेवली. मी त्यांना विचारलं, घराचं काढून ठेवलेलं जुनं सागवानी दार आज बसेल का. ते म्हणाले, चौकटीचा माल अजून ओला आहे, दोन दिवस थांबायला पाहिजे. मी म्हणाले, आज बसवा. त्यांनी दार बसवलं, आतल्या बाजूला कडी ठोकून दिली आणि गेले नाहीत. मी आतून कडी लावली, ते बाहेर विटांवर बसून राहिले.

दिवस कलताना हे आले. हातात पहार होती. चाचा उठून म्हणाले, "बस झालं भाऊ, पोरगी मरून जाईल." ह्यांनी त्यांना ढकललं, म्हातारा मातीत पडला. मग दारावर पहार बसली. सागवान मजबूत होतं, नुसते ओरखडे उठले. चौकट मात्र हलली, ओला गिलावा माझ्या अंगावर पडला. मग त्यांनी दार सोडलं आणि सकाळी रचलेल्या विटांच्या कोपऱ्यावर पहार घातली. माल ओला होता, विटा भसाभस खाली आल्या. एक घाव, दोन घाव. स्वतःच्या सुट्या घालून रचवलेली भिंत ते पाडत होते. शेजारच्या बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, पुढं कुणी आलं नाही.

मी कडी काढली आणि दारात उभी राहिले. 

"पाडा," मी म्हणाले. "समदं पाडलं तरी जागा माझ्याच नावानं राहती. अन् मला मारून टाकलं तर अर्धी पोरीच्या नावानं जाती. ते तुमच्या भावानंच सांगितलंय तुम्हाला."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी पहार वर उचलली. मी डोळे मिटले नाहीत. मिटावे असं सुचलंच नाही. पहार माझ्या शेजारी चौकटीवर बसली, लाकडाची ढलपी उडून माझ्या गालात घुसली. पुन्हा त्यांनी ती उचलली नाही. पडलेल्या विटांवर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिले. चाचा कपडे झटकत उठले आणि मला म्हणाले की गाल धुऊन घे.

मारणं थांबलं असं मी लिहिणार नाही. त्यानंतरही दोनदा हात उठला. दुसऱ्या वेळी मी शेजारणींना हाका मारल्या आणि त्या आल्या, तेव्हापासून उठलेला नाही. ते पुढच्या खोलीत झोपतात, मी मधल्या. मधल्या दाराची कडी माझ्या बाजूनं आहे. खरेदीचा कागद मी लेकीकडं शहागडला पाठवून दिला. बक्षीसपत्राचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, दीरही इकडं फिरकले नाहीत. मी आत आहे हे माहीत असून त्यांनी खांब पाडला का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं तर काय ऐकायचं आहे ते मला ठरवता येत नाही.

भिंतीचा तो कोपरा चाचांनी बांधायला नकार दिला. एका रविवारी ह्यांनी स्वतः विटा साफ केल्या, माल कालवला आणि कोपरा बांधायला घेतला. मधूनच मागं हात करायचे, मी वीट द्यावी म्हणून. मी ओट्यावर बसून होते. मी वीट दिली नाही. मग ते दर वेळी उठून स्वतःच आणू लागले.