दोन्ही बैल डावे

आमच्या गावापासून मंगरूळपीरची कचेरी आठ मैल. पन्नास सालानंतर सलग पाच वर्षे हे अंतर मी रोज सकाळी जात होतो आणि रोज संध्याकाळी परत येत होतो. वाहन घरची दमणी. दोन माणसे बसतील एवढी हलकी गाडी आणि चालीचे दोन बैल. जायला एक तास चाळीस मिनिटे लागत, यायला दहा मिनिटे जास्त, कारण येताना शेवटचे दोन मैल चढ होता. मोटार आमच्या गावाला येत नव्हती. पाच मैलांवरच्या सडकेवरून जी जाई, ती मंगरूळला दुपारी बाराला पोचे. सायकल मला येत नव्हती आणि एकेचाळिसाव्या वर्षी ती शिकायला मी तयार नव्हतो.

सरकारी नोकराने मुख्यालयी राहिले पाहिजे असा नियम होता. मला त्यातून सूट मिळाली होती, ती वडिलांमुळे. वडिलांची उजवी बाजू लुळी पडली होती. सकाळी त्यांना बाजेवरून उचलून मोरीत न्यायचे, आंघोळ घालायची आणि ओसरीत बसवायचे. संध्याकाळी पुन्हा उचलून आत आणायचे. हे काम दोन माणसांचे. एक मी, एक माझी बायको. पाच एकर शेतही तीच पाहत होती, त्यामुळे सगळे बिऱ्हाड मंगरूळला हलवणे शक्य नव्हते. साहेबांनी हे ऐकून घेतले आणि वर्षाची सूट दिली. दर डिसेंबरात अर्ज करून ती नवी करून घ्यायची. अट एकच. कोणत्याही महिन्यात उशिराच्या दोनपेक्षा जास्त फुल्या नकोत. साडेदहाला हजेरीबुक साहेबांच्या टेबलावर जाई आणि नंतर येणाऱ्याच्या नावापुढे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, लाल शाईने फुली मारत. तिसरी फुली पडली की सूट रद्द, आणि मी मंगरूळला खोली घेऊन राहायचे.

चार वर्षांत माझ्या एकूण फुल्या पाच. एका महिन्यात दोन कधीच नाहीत.

पाचव्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी आमचा उजवीकडचा बैल पोट फुगून एका दिवसात गेला. माझ्या किरकोळ रजा चारच उरल्या होत्या. त्या चारही घेतल्या आणि नवा बैल पाहायला बाजारात गेलो. वडील म्हणाले, "संग कोनाले तरी घेऊन जाय. शेजारचा असता तं बरं झालं असतं." शेजारचे काका, साठीचे शेतकरी, तेव्हा केनवडला मुलीकडे गेले होते. मी म्हटले, बैल पाहायला काय लागते, मी मोजून घेईन.

आणि खरोखरच मोजून घेतला. खांद्याजवळची उंची टेपने मोजली, छातीचा घेर मोजला, दात पाहिले, सहा दाती निघाला. शंभर पावले चालवून घड्याळावर वेळ काढली. विकणाऱ्याला मी सतरा प्रश्न विचारले. त्याने सतराही प्रश्नांची नीट उत्तरे दिली. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नवा बैल मेलेल्याच्या जागी, उजवीकडे जुंपला. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत ठीक चालला. मग तो मान वाकडी करून आमच्या जुन्या बैलाला, थोरल्याला, ढकलू लागला. मध्येच मागे राही, मधल्या दांड्यावरून पलीकडे जायला पाही, कासरा ओढला की उलटाच वळे. तीन वेळा दमणी चाकोरी सोडून कपाशीत गेली. कचेरीत पोचायला तीन तास दहा मिनिटे लागली. चाळीस मिनिटे उशीर. फुली.

नवा आहे, रुळेल, असे मी धरून चाललो. मंगळवारी एक तास आधी निघालो. तरी बारा मिनिटे उशीर झाला. दुसरी फुली. बडेबाबूंनी पेन पुसले आणि म्हणाले, "आता सांभाळा. महिना अजून पुष्कळ बाकी आहे." कामाचे एकोणीस दिवस बाकी होते. मी मोजले होते.

त्या संध्याकाळी काका केनवडहून परतले आणि बैल पाहायला आमच्या गोठ्यात आले. पाठीवरून, मानेवरून हात फिरवला.

"बैल झकास हाय. कोन्या आंगाचा?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? डावीकडं चालते का उजवीकडं?"

मी पुन्हा बैलाकडे पाहिले.

"इचारलं नाही?"

"उंची पाहिली, छाती पाहिली, दात पाहिले…"

"अरे बापू, पोलिसात भरती करून राह्यला का त्याले, छाती मोजाले!"

ओसरीतून वडिलांचे हसू ऐकू आले. काकांनी जू उचलून आडवे धरले आणि नव्याला मोकळे सोडले. तो आपणहून वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. आमचा थोरला सात वर्षे डावीकडेच चालत होता.

"घ्या," काका म्हणाले. "दोन्ही डावे. आता तुई दमणी गोलच फिरन."

एका अंगाला शिकवलेला बैल दुसऱ्या अंगाला चालत नाही, हे आमच्या गावात सांगावे लागत नाही. बैल घेताना लोक हे नावाआधी विचारतात. आमच्याकडे बैल नेहमी वडिलांनी घेतले आणि मी शाळा नि नोकरी केली, एवढेच कारण मी देऊ शकतो.

मी म्हटले, नव्यालाच उजवीकडे शिकवू. त्याची सवय दोन वर्षांची, थोरल्याची सात वर्षांची. थोरल्याला बदलायला साडेतीनपट वेळ लागेल. काकांनी मान हलवली.

"तुया हिशोब कागदावरचा हाय. नव्याले रस्ता ठाऊक नाही, जोडीदार ठाऊक नाही, तू ठाऊक नाही. एक डावी बाजू तेवढी ठाऊक हाय, थेही काढून घेतं का त्याची? थोरल्याले सारं ठाऊक हाय. त्याचं एक बदललं तं चालते."

बुधवारी पहाटे साडेपाचला थोरल्याला उजवीकडे जुंपले. काका स्वतः बरोबर आले. पहिले दोन मैल ते थोरल्याच्या बाजूने पायी चालले, शिंगावर हात ठेवून, त्याच्याशी काहीबाही बोलत. "चाल बावा, आज उजवीकडून पाह्य दुनिया कशी दिसते." थोरला अडखळत होता, पण रस्ता सोडत नव्हता. कुठे वळायचे आणि कुठे पाणी प्यायला थांबायचे हे त्याला माहीत होते, आणि नवा त्याच्या जोडीने आपल्या नेहमीच्या बाजूला निमूट चालत होता. दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही पोचलो. पुढच्या दिवशी दोन तास पन्नास, मग दोन तास वीस, मग दोन तास. दुसऱ्या आठवड्यात एक तास पंचावन्नवर वेळ स्थिरावली. मी सात वाजता निघू लागलो आणि दीड तास राखून पोचू लागलो.

महिना संपायला कामाचे आठ दिवस असताना थोरल्याचा खांदा आला. सात वर्षे जुवाचा भार मानेच्या एका बाजूने घेऊन तिथे घट्टा पडला होता. दुसरी बाजू कोवळी होती, ती सोलवटून सुजली. काकांनी हळद तेलात गरम करून लावली.

"आठ-दहा दिवस जू लावू नोको."

"लावले तर?"

"लोक लावतात. मंग खांदा फुटते, अन् माशी बसते. तुया बैल हाय, तू पाह्य."

काकांचे बैल मागता आले असते, पण ते नांगराचे; तासाला दोन मैलांपेक्षा जास्त चालत नसत. माणूस पायी त्यांच्यापुढे जातो. मग पायीच जाणे बरे.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुमी तिकडं खोली घेऊन घ्या ना. रविवारी येत जा. आबांले मी पाह्यते."

"उचलशील कशी?"

"कोनाले तरी बलावून घेईन."

"महिन्याला बावन्न वेळा?"

"तुमच्यासंग बोलाचं म्हंजे पाढेच म्हनावं लागते," ती म्हणाली आणि भाकरी वाढून उठून गेली. तिलाही ते नको होते. माझ्यासाठी म्हणत होती.

दुसऱ्या दिवसापासून सात वाजता पायी निघालो. पहिल्या दिवशी दोन तास पंचावन्न मिनिटे लागली. तळपायाला फोड आले, ते बायकोने सुईने फोडले आणि एरंडेल लावून पट्टी बांधली. चौथ्या दिवशी दोन तास चाळीस, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती माझी सगळ्यात चांगली वेळ राहिली. परत यायला रात्रीचे साडेआठ होत. तोपर्यंत वडील ओसरीतच घोंगडे पांघरून बसून राहत. बडेबाबू रोज विचारत, "काय हो, आज वाटेत किती जमीन दान मिळाली?" तेव्हा पायी फिरून जमीन मागणाऱ्यांचे दिवस होते.

शेवटच्या दिवशी पहाटेपासून वडिलांना उलट्या होऊ लागल्या. दोनदा त्यांचे कपडे बदलले, बाज धुतली. काका येऊन बसले तेव्हा मी निघालो. सात पंचावन्न झाले होते. साडेदहाला दोन तास पस्तीस मिनिटे उरली होती, म्हणजे माझ्या चांगल्यात चांगल्या वेळेपेक्षा पाच मिनिटे कमी.

तिसऱ्या मैलाच्या पुढे एका बागवान नवरा-बायकोची भाजीची गाडी पुढे जाताना दिसली. वांगी, मेथी, मुळे. रोज पाहून त्यांची माझी ओळख झाली होती. गाडीवाल्याने वाट न देता बैल थांबवले.

"बसा ना बाबूजी. मेथीच्या बाजूनं जागा हाय."

"नको. घाई आहे."

"घाई हाय म्हनूनच तं बसा म्हन्तो!"

"तुमची गाडी तासाला दोन मैल जाते," मी म्हटले. "मला तीन मैलांच्या वर जायचे आहे. वाट द्या."

तो बायकोकडे वळला. "आयकलं का ओ? पायानं चालनारा माणूस गाडीवाल्याले म्हन्ते, बाजू हो!"

"होय ना मंग," ती म्हणाली. "तिकडं याची नोकरी जाऊन राह्यली अन् तुमी गोष्टी सांगून राह्यले."

नोकरी जात नव्हती, पण समजावत बसायला वेळ नव्हता. गाडी कडेला झाली. मी पुढे निघालो. पाचव्या मैलावर पट्टी सुटून फोडावर वहाण घासू लागली, म्हणून वहाणा हातात घेतल्या. सपाट जागी पळत गेलो. एका सरकारी कारकुनाने सकाळी रस्त्याने अनवाणी पळावे हे शोभत नाही याची मला जाणीव होती. समोरून कोणी आले की मी चालू लागे, ते मागे गेले की पुन्हा पळे.

कचेरीच्या पायरीवर वहाणा घातल्या. माझ्या घड्याळात दहा सत्तावीस, कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळात दहा एकोणतीस. कचेरीतले घड्याळ खरे धरायचे. शिपाई हजेरीबुक उचलून साहेबांच्या खोलीकडे निघाला होता. बडेबाबूंनी त्याला हाताने थांबवले. मी सही केली. हात ओला होता, त्यामुळे सही थोडी पसरली.

बडेबाबू म्हणाले, "लाल शाईची दौत उघडून ठेवली होती. बंद करतो." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "पाणी प्या आधी."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम आला. सूट आणखी एक वर्ष, अट पूर्वीचीच. वडील तोवर बरे झाले होते. मी हुकूम त्यांच्यापुढे वाचून दाखवला.

"किती दिवसाची देल्ली?" त्यांनी विचारले.

"एक वर्षाची."

"म्हंजे आता सालभर मले मराले फुरसत नाही," ते म्हणाले.

मी सांगितले की डिसेंबरात पुन्हा अर्ज करावा लागेल.

"करजो," ते म्हणाले.