भाऊंचा फोन

मी नवऱ्यावर जळते. सरळच सांगते, उगाच सोज्वळपणाचा आव नको.

नवरा चाकणच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे आणि उरलेल्या वेळात सर्पमित्र. मोशीपासून चाकणपर्यंत कुणाच्या घरात साप निघाला की त्याला फोन येतो. पण कंपनीत कॅमेऱ्याचा फोन नेऊ देत नाहीत. त्यामुळे शिफ्टला जाताना तो साधा डबडा फोन नेतो आणि सापांचा फोन माझ्याकडे राहतो.

सुरुवातीला माझं काम एवढंच होतं, की आलेला फोटो दुसऱ्या सर्पमित्राला पाठवायचा. पण फोटो बघून बघून माणूस शिकतोच की. धामण, तस्कर, दिवड यांना लोक उगाच घाबरतात. फणा काढलेला नाग सगळ्यांनाच कळतो. खरी गोम आहे कवड्या आणि मण्यार यांच्यात. दोन्ही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे मानेच्या बऱ्याच खाली सुरू होतात, बहुधा जोडीनं, आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. कवड्या बिनविषारी, मण्यार चावली तर जीव जातो. हा फरक मी नवऱ्याला समजावला आहे, त्यानं मला नाही.

फोटो आला की मी ओळखून उत्तर टाइप करते. डीपीवर नवरा, हातात धामण धरून हसणारा. समोरून येतं, "धन्यवाद भाऊ."

गेल्या श्रावणात एका सकाळी मोशीतून फोटो आला. भाड्याच्या खोलीत जमिनीवरची गादी उचलली, तर खाली साप. सोबत मेसेज, "कवड्याच आहे ना भाऊ? लेकरं घाबरलीत, झाडूनं बाहेर ढकलतो." मी पट्टे पाहिले आणि घाईघाईनं लिहिलं, "मण्यार. विषारी. लेकरांना घेऊन बाहेर या, दार लावा." मग जवळचा सर्पमित्र तिकडे पाठवला.

रविवारी ते कुटुंब शाल-श्रीफळ घेऊन घरी आलं. मी चहा टाकला. आतून ऐकते, तर नवरा त्यांना सांगतोय, "सोपं असतं हो, पट्टे कुठून सुरू होतात ते बघायचं." माझं वाक्य, माझ्याच घरात, वर शाल पांघरून! त्याच्या चहात साखर घालायला मी मुद्दाम विसरले.

पाहुणे गेल्यावर विचारलं, "मी ओळखलं, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"अगं, तू काय आणि मी काय, एकच ना?"

एकच, तर शाल मला का नाही पांघरली? कपाटात ठेवायला मात्र माझ्याच हातात दिली. त्या दिवशी ठरवलं, आता लिहायचं नाही, बोलायचं. आवाजावरून तरी कळेल लोकांना.

आठवड्याभरात चाकणहून, कांद्याच्या वखारीतून फोटो आला. "भाऊ, अजगराचं पिल्लू हाय बहुतेक. पोरं गोणीत भरतो म्हणत्यात." जाड, तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके. घोणस. मी व्हॉइस मेसेज पाठवला, "नमस्कार. हे अजगर नाही, घोणस आहे. खूप विषारी. कुणीही हात लावू नका." बोलून झाल्यावर मीच तो दोनदा ऐकला. छान वाटला माझा आवाज.

उत्तर आलं. "ताई, जरा भाऊंना इचारून कन्फर्म करा ना. हितं एकानं गोणी आणलीय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, भरा, खुशाल भरा. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या गोणीवाल्याचा हात डोळ्यांपुढून हलेना.

मग टाइप केलं, "भाऊ बोलतोय. घोणसच आहे. विषारी. लांब व्हा."

"ओके भाऊ. बरं झालं तुमी होता."