हवेत आवळलेले नट

बैलगाडीची अक्कल मी एकदा मोटारीला लावली आणि नवं कोरं रबर एका दिवसात फाडून दाखवलं. तेव्हा मी जेमतेम सतराची. अक्कल वयाहून लहान, आणि तोंड मात्र दोन्हींची भरपाई करून वर उरेल एवढं.

आम्ही संग्रामपूरचे. सरकारी कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं आपली जुनी मोटार आमच्या यजमानांच्या गळ्यात मारली होती. पळायची झकास, पण मागून ऐकाल तर लोहाराचं दुकान. खड्डा आला की ठण्ण, वळण आलं की तोंड एकीकडे नि शेपूट दुसरीकडे. मागच्या चाकांवर धक्के सोसणारे पोलादी पाटे असतात, त्यांच्या टोकांच्या डोळ्यांत रबरी बुश बसवतात आणि बुशातून बोल्ट जातो. आमचं रबर झिजून गेलं होतं, लोखंडावर लोखंड आदळत होतं. सासूबाई एकदाच मागं बसल्या. उतरल्या त्या कंबर धरून, आणि या ठणठण्यात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाल्या.

तेवढ्यात लोणारहून, माझ्या माहेरून, निरोप आला: भावाला मुलगी झाली. मी एकटीच बहीण, म्हणजे मीच आत्या, म्हणजे बारशाला कानात नाव सांगायचं ते मी. निरोप पोचायला उशीर झालेला. बैलगाडीनं निघाले असते तर बारसं उरकून पोर रांगायला लागली असती. माझी एक चुलत बहीण माझ्या जागी पाळण्याशी वाकायला टपलेली होती, हेही निरोप्यानं न विचारता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, सून एकटी जायची नाही, मी बरोबर येईन, पण मोटार ठणकायची थांबली तरच.

यजमानांनी बुश आधीच मागवले होते. पार्सल शेगावच्या स्टेशनावर येऊन पडलं होतं. ते घरी आलं तेव्हा मी खोका असा उघडला की जसे काही पाटल्या-बांगड्याच आहेत आत. मग अंगणात मोटार मागून उचलली, लाकडाच्या ओंडक्यांवर टेकवली, यजमान खाली शिरले आणि मी वरून हुकूम सोडायला बसले. जुनं गंजलेलं रबर रॉकेल पाजून, करवतीनं चिरून काढलं. नवं काही केल्या आत जाईना. मी रिठ्याचा फेस काढून आणला, बुशाला चोपडला, आणि सुळकन बसला की तो. त्या एका सुळकन्‌नं माझं डोकं जे फिरलं, ते पुढं मेहकर ओलांडेपर्यंत जाग्यावर आलं नाही.

बोल्ट घातले. यजमानांनी खालून विचारलं, गाडी आधी चाकांवर उतरवू आणि मग नट आवळू का? मी हसले. माझ्या बापाच्या घरी चार बैलगाड्या. गाडी टेकूवर असते तेव्हाच चाक घालायचं, आखाची खीळ ठोकायची, मग खाली उतरवायची. हे शेंबड्या पोराला कळतं. मी तसं म्हणालेदेखील, आणि वर पदर खोचून पान्याच्या दांडीवर पायाचा जोर देऊन सगळे नट स्वतः आवळले. चाकं हवेत लोंबत होती.

बारशाच्या दिवशी पहाटे निघालो. मागं सासूबाई, शेजारी भाचीसाठी घडवलेला सागवानी पाळणा, म्हणून मी पुढं. ठण्ण नाही, डुलणं नाही. खामगाव गेलं. मी दर मैलाला मागं वळून बघायची, सासूबाई तोंड फिरवायच्या. मागची बाजू जरा ताठ उभी वाटत होती; मला वाटलं, नव्याचा तोरा. मेहकरच्या पुढं कुरकुर सुरू झाली, मग चर्र, आणि मग आमचं जुनं ओळखीचं ठण्ण.

उतरून बघितलं. डाव्या बाजूचा बुश फाटलेला. ऊन कलायला लागलं होतं. यजमान शेतातल्या विहिरीकडं धावले, जुन्या मोटेचं कातडं मिळतं का बघायला. तेच बोल्टाभोवती गुंडाळू म्हणाले. मी उजव्या बाजूला खाली शिरले, तिकडचा तरी धड आहे का पाहायला. नट ढिला करायला पाना लावून जोर दिला मात्र, बोल्ट कट्‌कन फिरला आणि मोटार त्या बाजूनं बोटभर खाली बसली. पिळलेलं धुणं हातातून सुटावं तसं.

मी तिथंच मातीत पडून हसत सुटले. पाटा लोंबत असताना मी रबर आवळलं होतं. मग मोटार खाली उतरली, माणसं बसली, पाळणा चढला, पाटा वळला, आणि रबर बिचारं वाटभर पीळ खात आलं. बैलगाडीच्या चाकाला पीळ बसतच नाही, त्याला काय ठाऊक. मागचे सगळे नट ढिले केले, मोटार आपल्या पायांवर बसू दिली, पुन्हा आवळले. यजमान कातडं घेऊन आले. डावी बाजू उचलून ते गुंडाळलं, बोल्ट घातला, उतरवली, आणि मग पाना. सासूबाई बाभळीखाली उभं राहून सगळं बघत होत्या.

लोणारला पोचलो तेव्हा चुलत बहीण घरातल्या जुन्या पाळण्याशी पदर सावरत उभी होती. मी काळ्या हातांनी तिला बाजूला सारलं, वाकले, भाचीच्या कानात नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले ते मोजले नाहीत. प्रत्येक धपाट्याला माझ्या लुगड्यातून माती उडत होती.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मी ऐटीत पुढचं दार उघडलं. सासूबाई आधीच पुढं बसलेल्या. गुडघ्यांवर हात, नजर समोर रस्त्याकडं. म्हणाल्या,

"जाताखेपी मी म्होरं बसतो. तू मांगं बस बाई, अन् आपल्या हातचं काम आपल्याच बुडानं पाह्य."