गुलवेनचं बघ्या यंत्र

गुलवेन अबेर्वेने आयुष्यभर सुतारकी केली. आबेर-व्राकच्या खाडीकाठी ज्या घरांचे जिने करकरत नाहीत ते गुलवेनने केलेले, असं लोक म्हणत, आणि हे खोटं आहे असं गुलवेन कधी म्हणाला नाही. स्वतःची शिडाची बोटही त्याने स्वतःच बांधली होती. मेव्हण्याच्या गोठ्यात, अकरा वर्षं खपून. आठ मीटर लांब, लाकडी, विटकरी रंगाच्या शिडाची. नाव ‘मोरव्रान’, म्हणजे पाणकावळा.

या मोरव्रानवर एक जुना रेडिओ आणि एक होकायंत्र सोडलं तर दुसरं यंत्र नव्हतं. धक्क्यावर कुणी विचारलंच तर गुलवेन आधी डोळ्याला बोट लावायचा, मग कानाला. झालं उत्तर.

जूनमध्ये तो आणि त्याची बायको मारीवोन उशाँ बेटावरून परत येत होते. पाण्यावर धुकं बसलं. मारीवोन खाली कॉफी करत होती. तिला पायाखालच्या फळीतून धडधड जाणवली, म्हणून ती वर आली, आणि तिच्यासमोर गंजलेली लोखंडी भिंत सरकत होती. भिंतीला शेवटच नव्हता. मालवाहू जहाज होतं. त्याच्या लाटेने मोरव्रान अशी कलंडली की कॉफीचं भांडं चुलीवरून उडून थेट बिछान्यात. जहाजावरच्या कुणाला पत्ताही लागला नाही.

मारीवोन धक्क्याला लागेपर्यंत एक शब्द बोलली नाही. दोर टाकायच्या वेळी मात्र बोलली, आणि इतक्या मोठ्याने की दोन्ही तीरांना ऐकू गेलं.

“जहाजं दाखवणारं यंत्र बसव. नाहीतर मी या बोटीवर पाऊल ठेवणार नाही. एकतीस वर्षं तुझे डोळे आणि कान ऐकतेय मी!”

तिने टाकलेला दोर झेलला तुदुआलने. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तुदुआल ल बिहान याच गावचा. आरमारात रेडिओ अधिकारी होता, निवृत्त होऊन तूलाँहून परत आला होता. बायको वारलेली, केस अजून दाट, आणि बोट बारा मीटरची, पांढरीशुभ्र, नाव ‘आवेल’, म्हणजे वारा. मोरव्रानच्या शेजारचीच जागा त्याने घेतली होती. चाळीस वर्षांपूर्वी गावच्या नाचात तो आणि मारीवोन एका रांगेत हातात हात गुंफून नाचले होते. रांगेत तर सगळं गावच होतं. पण गुलवेनला रांगेतले ते दोनच हात आठवत.

“अगं, मग माझ्याकडे येऊन बघ ना,” तुदुआल म्हणाला. “शंभर फ्रँकची बडबड नको, एकदा पडदाच बघ. वीस मैलांवरचं जहाज नावासकट दिसतं.”

फ्रँक जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो अजून फ्रँकमध्येच बोलायचा. मारीवोन गेली. अर्धा तास त्या पडद्यासमोर बसली. तिचं हसू ऐकू येत होतं. गुलवेनने तेवढ्या वेळात एकच दोर तीनदा गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी तुदुआल सल्ला घेऊन हजर. “हे बघ गुलवेन, माझ्यासारखंच घे. मोठा पडदा, नकाशा, खोली, वारा, जहाजं, सगळं एकमेकांना जोडलेलं. मी बसवून देतो, दोन दिवसांचं काम.”

“दोन दिवस तू माझ्या बोटीवर?”

“मारीवोन जेवायला घालेल की!”

त्याच क्षणी गुलवेनने ठरवलं की मोठा पडदा घ्यायचा नाही. पुढे त्याने त्याला कारणं जोडली, आणि ती सगळी कारणं चांगलीच निघाली, ही गंमत.

बोटीच्या सामानाचं दुकान केमेनेरबाईंचं होतं. बाई साठीच्या, नाकावर चष्मा, गिऱ्हाईक काय मागतंय यापेक्षा का मागतंय ते आधी हेरणाऱ्या.

“मला सुटं यंत्र हवंय,” गुलवेन म्हणाला. “कशालाही न जोडलेलं. एक बिघडलं की दहा बंद पडतात, तसलं नको. फक्त जहाजं दाखवेल आणि एखादं अंगावर यायला लागलं की ओरडेल.”

“शहाणा आहेस,” बाई म्हणाल्या. “लहान बोटीला सुटंच बरं. स्वतःचा पडदा, स्वतःची जागा ओळखायची सोय, स्वतःचा एरियल. बॅटरी किती आहे तुझी?”

“एकच. म्हातारी आहे.”

“मग तर हेच. मोठे पडदे बॅटरी पिऊन टाकतात. आणि एरियल डोलकाठीवरच्या रेडिओच्या तारेत घुसडू नकोस, मागच्या कठड्यावर वेगळा लाव. काठी मोडली तरी हा जिवंत राहिला पाहिजे.” त्यांनी दोन खोकी काउंटरवर ठेवली, दोन्ही एकाच मापाची. “आता नीट ऐक. हे फक्त ऐकतं. जहाजं आपापलं नाव, दिशा, वेग रेडिओवर सांगत असतात, ते हे पडद्यावर दाखवतं. आणि हे दुसरं ऐकतं आणि तुझंही सांगतं. म्हणजे तू त्यांना दिसतोस.”

“कुणाकुणाला?”

“ज्याच्याकडे असं यंत्र आहे त्या सगळ्यांना.”

“शेजारच्या बोटीलाही?”

बाईंनी चष्मा खाली घेतला. “शेजारच्या बोटीला काय झालंय?”

“काही नाही. हे पहिलं द्या.”

“अरे, जूनमध्ये त्या जहाजाने तुला चिरडलं असतं ते तुला दिसलं नाही म्हणून, की तू त्याला दिसला नाहीस म्हणून? थोडेच जास्त पडतात. दुसरं घे.”

“पहिलं,” गुलवेन म्हणाला, आणि कान लाल झाले.

कारण असं होतं की गेल्या मंगळवारपासून मारीवोन आवेलवर जायला लागली होती. “यंत्र बसेपर्यंत मी काय घरात बसू?” असं म्हणून गेली. डब्यात काळ्या गव्हाची घावनं घेऊन गेली. तीही गुलवेनला आवडतात तशी, कडेने कुरकुरीत. गुलवेनला बघायचं होतं, दिसायचं नव्हतं.

यंत्र त्याने झकास बसवलं, यात शंका नाही. जिन्याशेजारी सागाची चौकट करून त्यात पडदा असा बसवला की बाहेर सुकाणूवरूनही दिसावा. तारा फळीआड, एकही खिळा वर नाही. चालू केल्यावर पडद्यावर वर्तुळं उमटली, मधे आपण, आणि भोवती छोटे काळे त्रिकोण. त्रिकोणावर गेलं की नाव येई, वेग येई, आणि आपल्यापासून किती जवळून, किती मिनिटांनी जाणार तेही. ठरवलेल्या अंतराच्या आत कुणी येणार असलं की यंत्र कर्कश ओरडे. बंदरात तर सारखंच ओरडत सुटलं, तेव्हा गुलवेनने अंतर कमी करून त्याला गप्प केलं.

“बसलं का यंत्र?” मारीवोनने विचारलं.

“बसतंय अजून,” तो म्हणाला. बसलं म्हटलं असतं तर मंगळवार संपले असते, हे त्याला कळत होतं. पण आता त्याला मंगळवार बघायचे होते.

मंगळवारी तो बांधलेल्या मोरव्रानमध्ये एकटा बसे, ब्रेड आणि बांगडा खात, आणि ‘आवेल’ नावाच्या त्रिकोणाकडे टक लावून राही. त्रिकोण खाडीबाहेर जाई, व्हिएर्ज बेटाचा दीपस्तंभ मागे टाकी, आणि मग मोकळ्या समुद्रात गोल गोल फिरायला लागे. एक फेरा, दोन फेरे, थांबला. पुन्हा फेरा. तास-तासभर. मासे धरायचे तर कुणी असा फिरत नाही. कुठे जायचं तरी कुणी असा फिरत नाही. मग वेग शून्यावर येई आणि त्रिकोण एका जागी पडून राही. त्या शून्यात गुलवेनला कडेने कुरकुरीत घावनं दिसत, तुदुआलचे दाट केस दिसत.

संध्याकाळी तो सहज विचारल्यासारखं विचारी, “कुठे जाऊन आलात?”

“बाहेर. वारा छान होता.”

“लांब गेलात?”

“नाही रे. इथेच, घुटमळत.” आणि ती आपल्या तळव्यांना मलम चोळत बसे. तळव्यांवर फोड होते. गुलवेनने ते पाहिले. पण जळणाऱ्या माणसाला फोड दिसून उपयोग नसतो. या फोडांचंही त्याने मनात भलतंच काहीतरी करून ठेवलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी त्याला पडद्यावर बघणं पुरेना. आवेल सुटल्यावर दहा मिनिटांनी त्याने मोरव्रान सोडली आणि मैलभर मागे राहून निघाला. आपण तिच्या पडद्यावर नाही, या विचाराने तो चोरासारखा खूश होता. दीपस्तंभापलीकडे गेला, त्रिकोण गोल फिरू लागलेला पाहिला, आणि तेवढ्यात पश्चिमेकडून धुकं आलं. दहा मिनिटांत त्याला स्वतःच्या बोटीचं पुढचं टोक दिसेना. वारा मंदावला. त्याने इंजिन चालू केलं.

मग यंत्र ओरडलं.

आवेल परत फिरली होती आणि सरळ त्याच्यावर येत होती. आकडा सांगत होता, सात मिनिटं, अंतर जवळजवळ काहीच नाही. गुलवेनने सुकाणू डावीकडे घेतलं. थोड्या वेळाने आवेलही वाटेतला खडक टाळायला त्याच बाजूला वळली. पाच मिनिटं. त्याने उजवीकडे घेतलं. वाऱ्याचा एक झोत आला, आवेलने शीड सावरताना दिशा बदलली, आणि पुन्हा समोर. तिच्यावर रडार नव्हतं, आणि पडद्यावर मोरव्रान नव्हती. ती बिनधास्त येत होती.

रेडिओ हाताशी होता. पण बोलायचं म्हणजे सांगायचं की मी इथे आहे. मंगळवारी. तुमच्या मागे. चार मिनिटं. गुलवेनने रेडिओचा माइक उचलला, ठेवला. यंत्र बोंबलत होतं. तीन मिनिटं. पांढऱ्या धुक्यात त्याला कुठेतरी भोंगा ऐकू आला, एक लांब, दोन आखूड, पण कुठल्या बाजूने ते कळेना. त्याचे ते डोळे आणि कान!

“आवेल, आवेल! मोरव्रान बोलतोय!”

उत्तर ताबडतोब आलं. आवाज तुदुआलचा नव्हता.

“आवेल ऐकतेय. सुकाणूवर मारीवोन. गुलवेन? तू कुठे आहेस?”

“तुझ्या समोर. अगदी समोर. दोन मिनिटांवर.”

“मी उजवीकडे वळतेय, पूर्ण. तूही उजवीकडेच घे. ऐकलंस? उजवीकडे, आणि इंजिन कमी कर.”

“घेतलं.”

धुक्यातून पांढरं पोट बाहेर आलं, दोन बोटींच्या लांबीवरून, आणि घसरत निघून गेलं. तुदुआल पुढच्या टोकाला उभा, हातात भोंगा. चाकावर मारीवोन, पिवळ्या कोटात, पाय फाकून रोवलेले. तिने गुलवेनकडे पाहिलंही नाही. ती शिडाकडे पाहत होती.

धक्क्यावर मात्र पाहिलं.

“तू आमच्या मागे आला होतास.”

गुलवेन बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

“आणि यंत्र बसलेलं आहे. कधीपासून?”

“महिना झाला.”

“म्हणजे महिनाभर तू बसून बघत होतास! काय बघत होतास रे?”

“तुम्ही गोल गोल फिरत होता,” गुलवेनच्या तोंडून निघून गेलं. “मग थांबत होता. तासभर.”

हसावं की रडावं हे मारीवोनला ठरवता येईना. “आम्ही बादली पाण्यात टाकत होतो. टाकायची, आणि परत फिरून उचलायची. जूनमध्ये मला कळलं ना, की तू पाण्यात पडलास तर मला बोट वळवून तुझ्यापर्यंत आणताही येणार नाही. एकतीस वर्षांत तू मला सुकाणू दिलंयस कधी? ती बादली तू होतास, मूर्खा! पहिल्या दिवशी तुला मी चौदा वेळा बुडवलं.”

“आणि थांबत होता ते?”

“जेवत होतो!”

तुदुआल दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “मी तिला म्हटलं होतं, गुलवेनला विचार, तो शिकवेल. ती म्हणाली, तो शिकवणार नाही, स्वतःच करून दाखवेल. वळली कशी पाहिलंस ना आज? मी नुसता भोंगा वाजवत होतो.”

हे ऐकून गुलवेनला हायसं वाटायला हवं होतं. उलट आणखीच झोंबलं. बायकोला तो माणूस आवडत असता तर एक वेळ भांडता आलं असतं. हे तर असं की जे द्यायला आपण एकतीस वर्षं हात आखडता घेतला, ते दुसऱ्याने एका महिन्यात सहज देऊन टाकलं. याच्याशी भांडायचं कसं?

त्या आठवड्यात तो यंत्र उपसून केमेनेरबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. बंदरात तोवर सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. “दुसरं?” एवढंच म्हणाल्या. आपलं नाव सांगणाऱ्या यंत्रात बोटीचा नऊ आकडी सरकारी नंबर भरावा लागतो. तो मिळवायला गुलवेनला अर्ज करून तीन आठवडे वाट पाहावी लागली. माप एकच होतं, सागाची चौकट तशीच राहिली.

सप्टेंबरात दोघं इंग्लंडच्या किनाऱ्याकडे निघाले. सुकाणू मारीवोनकडे. गुलवेन जिन्याच्या तोंडाशी बसला, हातांना काम नाही, तोंड बंद ठेवायचं कबूल केलेलं. दोनदा त्याने शिडाचा दोर ओढायला हात पुढे केला, दोनदा तिने नुसतं पाहिलं.

मोठ्या जहाजांच्या वाटेवर यंत्र ओरडलं. अकरा मिनिटं, अर्धा मैल. मारीवोनने पडद्यावरचं नाव वाचलं आणि रेडिओवर त्या जहाजाला नावाने हाक मारली. पलीकडून भारदस्त पुरुषी आवाज आला, कुठल्याशा परक्या हेलात. “मोरव्रान, तुम्ही मला दिसताय, बाई. मी तुमच्या मागून जातो. सुंदर दिवस आहे, नाही का? कुठे निघालात?”

मारीवोनने सांगितलं. त्याने तिकडच्या एका बंदराचं कौतुक केलं. तिने आभार मानले. तो पुन्हा काहीतरी बोलला, ती हसली.

जहाज मागून लांबवर निघून गेलं. त्याचा त्रिकोण पडद्याबाहेर जाईपर्यंत गुलवेन बघत राहिला.

“मागून जातो एवढं सांगायला,” शेवटी तो म्हणाला, “इतका वेळ लागतो का माणसाला?”