वार विचारणाऱ्या बाई

अंबडच्या ज्या दवाखान्यात माझे वडील अकरा दिवस होते, तिथल्या मोठ्या सिस्टर रोग्याला कधी ‘बरं वाटतंय का’ असं विचारत नसत. खाटेपाशी येऊन विचारत, “बाबा, आज कोणता वार?” मग, “शेजारी कोण बसलंय?” उत्तर बरोबर आलं की त्या पुढच्या खाटेकडे वळत. सगळा वॉर्ड त्यांना ‘वार विचारणाऱ्या बाई’ म्हणायचा. मला तो नुसता चाळा वाटला होता.

वडिलांची उभी हयात परतूरच्या एका जिनिंगमध्ये गेली. कापसाच्या धुळीनं आणि बिड्यांनी मिळून त्यांची फुप्फुसं खाल्ली. दाखल केलं तेव्हा ओठ निळसर पडले होते आणि ते माझ्यावर ओरडत होते. मला वारलेल्या काकांच्या नावानं हाका मारत होते. जिनिंगच्या पाळीला उशीर होतोय म्हणून त्यांनी नाकातली नळी ओढून फेकली आणि मला शिव्या दिल्या. मी शाळेत मास्तर; वॉर्डभर लोक बघत होते, माझी मान खाली गेली. बाईंनी नळी पुन्हा लावली. म्हणाल्या, “सर, बाबा भांडून न्हाई राह्यले. त्यांच्या मेंदूला हवा कमी पडून राह्यली.” अर्ध्या तासानं वडिलांनी मला माझ्या नावानं हाक मारून पाणी मागितलं.

ऑक्सिजनच्या मीटरमध्ये एक छोटी गोळी वरखाली होते. वडिलांची गोळी बाई एकच्या खुणेवर ठेवत. त्यांच्या बोटावरचं यंत्र नव्वदच्या आसपास दाखवायचं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं अठ्ठ्याण्णव. माझ्या बापाला कमी का, हे मला सलायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाई दुसऱ्या वॉर्डात गेल्या तशी मी चावी फिरवून गोळी पाचवर नेली. आकडा नव्व्याण्णव झाला. वडील शांत झोपी गेले, चेहऱ्यावर लाली आली. मी घरी फोन करून सांगितलं, आज पहिल्यांदा नीट झोपलेत.

तासाभरानं बाई आल्या. वार विचारला. उत्तर नाही. खांदा हलवला, तरी हुंकारसुद्धा नाही. त्यांनी मीटर पाहिला, गोळी खाली आणली आणि डॉक्टरांना बोलावलं. श्वास आत ढकलणाऱ्या यंत्राचा मास्क वडिलांच्या तोंडावर बांधला गेला. गोळीला कोणी हात लावला, असं बाईंनी विचारलं. माहीत नाही, असं मी म्हणालो.

वडिलांनी डोळे उघडले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मग मी बाईंच्या टेबलापाशी जाऊन खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. अशा जुन्या दुखण्यात ऑक्सिजन फार झाला की आतली खराब हवा बाहेर पडत नाही, साठत जाते आणि मेंदूला गुंगी येते, हे त्यांनी मला समजावलं. त्या नोकरीत नव्या असताना एक आजी अशीच गाढ झोपली होती. आराम पडला म्हणून त्या समाधानानं बघत राहिल्या, आणि आजी उठलीच नाही.

“कमी पडलं तर माणूस भांडतो, मंग कळतं तरी,” त्या म्हणाल्या. “जास्त झालं की गप झोपतो. मला भांडणारा बरा वाटतो.”

वडील घरी आले आणि घरी आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्रावर दोन वर्षं जगले. बाई निवृत्त होऊन घनसावंगीला राहायला गेल्या. अधूनमधून मी फोन करायचो. वडिलांना चहा चालेल का, इथपर्यंत विचारायचो.

वडील गेले त्या सकाळी नातेवाइकांच्या आधी मी बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, “तुम्ही जवळ होता ना?”

मी हो म्हणालो.

“आई कुठंयत?”

आई वडिलांच्या पायाशी कालपासून बसून होती, कोणाशी बोलत नव्हती. तिनं काही खाल्लंय का, असं बाईंनी विचारलं. मला सांगता येईना.

“मंग फोन ठेवा,” त्या म्हणाल्या. “आधी त्यांना चहा पाजा.”

मी फोन ठेवला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.