पारदर्शक चौकट

धाकटी वेबपेज बनवायला शिकली, तेव्हापासून घरात तिचा भाव जरा वधारला होता. म्हणूनच थोरल्या दिरांनी, दादांनी, आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचं पेज तिच्यावर सोपवलं. दादांची दृष्टी तिशीतच गेलेली. पेटीचा बिघडलेला सूर ते बोटांनी शोधत. मोबाइल त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवी.

काम सोपं होतं. पण दुकानाच्या नावाला बोट लागलं की रंग बदलला पाहिजे, ही दादांची हौस. कोणता रंग, यावर रोज फोन. तांबडा भडक वाटेल. पिवळा पुसट दिसेल का गं? एका दुपारी गॅसवर दूध आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बसली. रंग बदलतोय का ते बघायला एक वेगळी चौकट केली आणि तीत मनात आलं तेच टाइप केलं: ‘दिसत नाही, तरी रंगांची हौस केवढी.’ रंग झकास बदलला. चौकट काढली तर मात्र खालचं सगळं वर सरकून पेज विस्कटत होतं. मग जावास्क्रिप्टची एक ओळ लिहून तिने चौकट पार पारदर्शक करून टाकली. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि चौकट डोक्यातून गेली.

पेज तयार झाल्यावर ती दुकानात गेली. जाऊबाई पेट्या पुसत होत्या. आलेल्या गिऱ्हाइकाला, “आमच्या धाकटीने केलंय हो,” असं सांगूनही झालं होतं. दादांनी आपल्या मोबाइलवर पेज उघडलं. मोबाइलमधली बाई दुकानाचं नाव बोलली, पत्ता बोलली, आणि त्याच गोड, सपाट आवाजात ते वाक्यही बोलली.

पारदर्शक अक्षरं डोळ्यांपासून लपतात. वाचणाऱ्या यंत्राला डोळे नसतातच, हे धाकटीच्या आत्ता ध्यानात आलं.

जाऊबाईंचं फडकं थांबलं. त्यांनी एकदा धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. गिऱ्हाईक छत न्याहाळू लागलं. तपासणीपुरतं लिहिलं होतं, काढायचं राहिलं, असं ती पुटपुटली. ते खरं होतं, तरी खोट्यासारखं ऐकू आलं.

दादांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“मग, कोणता ठेवलास शेवटी?”

“निळा, दादा.”

“कसा निळा?”

त्या निळ्याचा कोडमधला क्रमांक तिला तोंडपाठ होता. रंगाकडे मात्र तिने धड पाहिलंच नव्हतं. दादा तिच्या दिशेने मान वळवून थांबले होते.